बळाची रेघ

माझ्या बहिणीने पहिल्यांदा शेअर घेतले तेव्हा मी तिच्याशी दोन दिवस बोललो नव्हतो. ती माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. ब्रह्मपुरीला माझ्या दोन खोल्यांत ती माझ्याजवळ आणि तिच्या वहिनीजवळ राहायची, कारण गावाहून दवाखाना लांब पडायचा. लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देऊन तिने जे थोडंफार जमवलं होतं, त्यातलं निम्मं तिने फोनवरच्या कुठल्याशा ग्रुपमध्ये आलेल्या सल्ल्यावर एका कंपनीत टाकलं, आणि पावसाळा सरायच्या आत त्या कंपनीचा भाव रसातळाला गेला. औषधाच्या कामी आले असते, एवढंच मी म्हणालो आणि गप्प झालो. तिसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आलो तर तिने चहा आणून समोर ठेवला.

"बाजाराची चूक नाई, दादा," ती म्हणाली. "माही हाये. मले मोजताच नाई आलं."

तिला सिकलसेल होता. आमच्या भागात हा आजार कोणाला समजावून सांगावा लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांमध्ये अडकतात आणि मग हाडं आतून कोणी पिळतंय अशी दुखतात. आईत तो अर्धा होता, बाबांत अर्धा आहे, माझ्यातही अर्धा आहे. अर्ध्याने काही होत नाही. तिच्या वाट्याला दोन्ही अर्धे आले. शाळेत रक्त तपासायला लोक आले होते तेव्हा ते कळलं. आई त्यानंतर दोन वर्षांनी कावीळ होऊन गेली. मुलीला आपणच काहीतरी दिलं या विचारातून ती शेवटपर्यंत बाहेर आली नाही.

बहीण बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना तिच्या खुब्याचं हाड रक्ताविना सुकलं. वीस-पंचवीस पावलं चालली की तिला भिंत धरून उभं राहावं लागे. कॉलेज सुटलं. घरात बसून फॉर्म भरण्याचं काम तिने सुरू केलं आणि हळूहळू तिचा सगळा दिवस खिडकीजवळच्या पलंगावर जाऊ लागला.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात परिचर आहे. पुस्तकं लावायची, काढायची, झाडायची, वहीत नोंद करायची. दर काही वर्षांनी फाटकीतुटकी पुस्तकं बाद करतात. त्या वर्षीच्या ढिगात शेअर बाजारावरचं एक इंग्रजी पुस्तक होतं, कव्हर नसलेलं, सुरुवातीची पानं वाळवीने खाल्लेली. ग्रंथपालांना विचारून मी ते घरी आणलं. चहाची भरपाई म्हणून आणलं, असं म्हटलं तरी चालेल. तिने ते डिक्शनरी घेऊन महिनाभर वाचलं. त्यातल्या एकाच प्रकरणावर ती थांबली आणि मग पुढे सरकलीच नाही. ते प्रकरण होतं रिलेटिव्ह स्ट्रेंथचं. आमच्या घरात त्याचं नाव पडलं 'बळ'.

तिने मला ते एका संध्याकाळी समजावून सांगितलं. बाजार वर जातो तेव्हा चांगले-वाईट सगळेच शेअर वर जातात, त्यामुळे एखादा वाढला एवढ्यावरून काही कळत नाही. बाजाराचा एक इंडेक्स असतो, म्हणजे मोठ्या कंपन्यांचा मिळून एक आकडा. आपल्या शेअरच्या भावाला त्या आकड्याने भागायचं. समज, इंडेक्स वीस हजार आहे आणि शेअर दोनशे. भागून हजाराने गुणलं की दहा येतात. पुढे बाजार पडला, इंडेक्स अठरा हजारांवर आला आणि आपला शेअर एकशे नव्वदवर. भाव तर पडला, पण भागाकार आता साडेदहाच्या वर गेला. म्हणजे सगळे खचले तेव्हा हा कमी खचला. असे दर शुक्रवारचे आकडे आलेख कागदावर मांडत गेलं की एक रेघ तयार होते. ती रेघ चढती असली तर त्या शेअरमध्ये बाजारापेक्षा जास्त बळ आहे.

"बाजारानं जे देल्लं ते काढून टाक," ती म्हणाली. "मंग मांगं जे उरते ते त्याचं सोताचं."

फोनवर या रेघा फुकट तयार मिळतात हे तिलाही माहीत होतं. पण ती हातानेच काढायची. आयती रेघ पाहिली की घाई होते, असं तिचं म्हणणं होतं. मी कॉलेजच्या भांडारपालाकडून जुने, कडा पिवळ्या पडलेले आलेख कागद मागून आणले. चौदा कंपन्यांचे चौदा कागद तिने खिडकीच्या बाजूच्या भिंतीला चिकटवले. काळी रेघ बळाची. तिच्यासोबत लाल पेनाने आणखी एक रेघ, मागच्या दहा शुक्रवारांच्या सरासरीची. वहीच्या पहिल्या पानावर तिने नियम लिहिले. चौदांतल्या ज्या चौघांची रेघ तीन महिन्यांत सर्वांत जास्त चढली ते चार ठेवायचे. काळी रेघ लागोपाठ दोन शुक्रवार लालच्या खाली गेली तर सोमवारी विकायचं, मग तो कितीही आवडता असो.

शुक्रवारी साडेतीनला बाजार बंद व्हायचा. मी पाच-सव्वापाचला घरी यायचो. हातपाय धुतले की मी भाव वाचायचो आणि ती भागाकार करायची. ज्या दिवशी तिची बोटं दुखत त्या दिवशी मी करायचो. माझी बायको भाजी निवडत समोर बसायची आणि मधूनच विचारायची, आज कोण पुढे? जणू भिंतीवर चौदा पोरींची शर्यत चालली होती. त्या घरात माझे जे दिवस गेले, त्यांत हे शुक्रवार सर्वांत चांगले होते. तेव्हा ते कळलं नव्हतं.

बाबा गावाहून आठवड्यातून एकदा येत. आमची जात पाण्यावर जगणारी. बाबा गावच्या मामा तलावात, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावात, आणि उन्हाळ्यात वैनगंगेच्या डोहांत जाळं टाकतात. येताना पळसाच्या पानांत गुंडाळून लेकीसाठी मासे आणायचे. एकदा ते भिंतीसमोर कितीतरी वेळ उभे राहिले आणि हे काय काढलं म्हणून त्यांनी विचारलं. तिने त्यांना त्यांच्याच धंद्यातून सांगितलं. चैतात तलाव आटतो, साऱ्या मासोळ्यांचं पाणी कमी होतं, पण काही मासोळ्या बाकीच्यांपेक्षा जास्त टिकून राहतात ना?

"मरळ टिकते," बाबा म्हणाले. "मरळ चिखलातही जगते."

"हां. तर मी मरळ शोधून राह्यली, बाबा."

बाबा हसले. मग म्हणाले, पण चिखलही वाळला तर? त्या हिवाळ्यात बाजार खरोखरच पडला. तिच्या चारही कंपन्या बाजारापेक्षा कमी घसरल्या, पण घसरल्याच. तू तर जिंकली, असं मी म्हणालो तर ती चिडली. कमी पडलं म्हणून नाचायचं का, पडलं ते पडलंच, म्हणाली. रेघ फक्त कोण कोणापेक्षा बरा ते सांगते, तो बरा आहे का ते नाही सांगत. त्यानंतर तिने वहीत तिसरा नियम लिहिला. इंडेक्स स्वतःच त्याच्या दहा महिन्यांच्या सरासरीखाली असेल तर नवीन काही घ्यायचं नाही, गप्प बसायचं.

तिची पहिली कमाई झाली ती पंप बनवणाऱ्या एका कंपनीत. दोन वर्षं ती रेघ चढत होती. त्या कागदाला वर जागा उरली नाही म्हणून तिने दुसरा कागद वरून जोडला होता, आणि तोही छताकडे निघाला होता. त्यातले थोडे विकून तिने वहिनीला मिक्सर आणला आणि बाबांना पाण्यात जातानाचा विजेरी दिवा, जो कपाळाला बांधतात. घरात तिची म्हणून काही वस्तू आल्या याचं तिला फार अप्रूप होतं. फॉर्म भरणारी आजारी मुलगी एवढीच तिची ओळख राहिली नव्हती. 

त्याच सुमाराला तिला दम लागायला लागला. बसल्याजागीसुद्धा. ब्रह्मपुरीच्या डॉक्टरांनी चंद्रपूरला जाऊन हृदयाचा इको काढायला सांगितलं. आम्ही दोघं सकाळच्या गाडीने गेलो. तपासणी झाली, डॉक्टर भला माणूस होता, तिच्याशी नीट बोलला. तुझ्यासारख्या बाकी पेशंटपेक्षा तुझं पुष्कळ बरं आहे, म्हणाला. मग औषधाची चिठ्ठी समजावून देतो म्हणून त्याने मला आत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. फुप्फुसांतल्या नसांचा दाब फार वाढला आहे आणि त्याचा भार हृदयावर येतो आहे, असं तो म्हणाला. किती दिवस, मी विचारलं. तो म्हणाला, मी आकडा सांगत नाही, पण लांबचे बेत करू नका.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली होती. मूल स्टेशन गेलं, सिंदेवाही गेलं. दोन्ही बाजूंना सागाचं रान होतं.

"डॉक्टरनं माही रेघच काढली, दादा," ती हसत म्हणाली. "बाकीच्याईपेक्षा बरी. पण बाकीचे कसे हाये, ते नाई सांगतलं त्यानं."

मी बाहेर पाहत राहिलो. घरी आल्यावर तपासणीची फाइल बायकोच्या कपाटात साड्यांखाली ठेवली. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, तिला सांगा, ती काही लहान नाही. सांगतो म्हणालो. दोन महिने तेच म्हणत राहिलो.

मग दुखणं उठलं. एका गुरुवारी सकाळी पाठीतून आणि मांड्यांतून कळा सुरू झाल्या आणि दुपारी तिला भरती करावं लागलं. सलाइन, दुखण्याची इंजेक्शनं, रक्ताची पिशवी. शुक्रवारी संध्याकाळी मी गेलो तर ती अर्धवट गुंगीत होती, पण मला पाहून तिने डोळे उघडले. पंपाचं काढलं का, विचारलं. मागच्या शुक्रवारी ती रेघ पहिल्यांदा लालच्या खाली गेली होती. आजही खाली असेल तर सोमवारी विकावं लागणार होतं. मी म्हणालो, घरी जाऊन काढून येतो.

घरी गेलो, भाव पाहिला, भागाकार केला, वहीत लिहिला, भिंतीवर टिंब दिलं. रेघ खाली होती. चांगलीच खाली. डबा घेऊन परत दवाखान्यात जाताना मी ठरवलं नव्हतं काय सांगायचं. तिच्या खाटेजवळ पोचलो, तिच्या हाताला सुया टोचून निळे डाग पडले होते, आणि ती माझ्या तोंडाकडे पाहत होती.

"वर आली," मी म्हणालो. "लालच्या वर आली."

तिने डोळे मिटले. थोड्या वेळाने तिला झोप लागली. दोन दिवसांत पहिल्यांदा ती शांत झोपली होती आणि मला वाटलं, आपण पुण्याचं काम केलं. ती अकरा दिवस तिथे होती. पुढच्या शुक्रवारी तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. दुसऱ्या वेळी काहीच जड गेलं नाही. एकदा वाटलं की सोमवारी मीच गुपचूप विकून टाकावं, तिचा फोन माझ्याजवळच होता. पण तिची ती पहिली कंपनी. येईल वर, असं मला खरंच वाटत होतं. मी तिच्यासाठी खोटं बोललो हे जितकं खरं, तितकंच हेही खरं की ती रेघ पडलेली मलाच पाहवत नव्हती.

घरी आणल्यावर पहिले चार-पाच दिवस ती भिंतीकडे पाठ करून पडून होती. मग एक दिवस मी कॉलेजातून आलो तर ती उठून बसलेली. मांडीवर वही. बायको स्वयंपाकघरात होती. मी चप्पल काढत होतो.

"पंप खाली हाये," ती म्हणाली. "तीन हप्त्यापासून खाली हाये."

मी म्हणालो, असेल, गडबडीत माझा भागाकार चुकला असेल.

"तुहा भागाकार बरोबर हाये. वहीत तुह्या हातचा आकडा हाये. तू लिवला एक अन् मले सांगतला दुसरा."

ग्रंथालयात बारा वर्षं नोंदी करून हाताला खोटं लिहायची सवय नव्हती. मी तिच्याजवळ बसलो. तू बिमार होती, आणखी तकलीफ काऊन द्याची म्हटलं, असं काहीतरी बोललो. ती रागावली नाही. वही मिटून तिने बाजूला ठेवली. बाहेर कोणाची तरी मोटारसायकल सुरू होत नव्हती, तो आवाज मला अजून आठवतो. मग तिने विचारलं,

"मंग चंद्रपूरचंही असंच सांगतलं का मले?"

माझी बायको दारात येऊन उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, पदराला हात पुसले, कपाट उघडलं आणि साड्यांखालची फाइल काढून बहिणीच्या मांडीवर ठेवली. मग ती तिच्या पायाशी बसली.

बहिणीने सगळी पानं वाचली. न कळलेले शब्द फोनवर पाहिले. अर्धा तास तरी गेला असेल. नंतर डॉक्टर नेमकं काय म्हणाला ते तिने मला विचारलं आणि मी शब्दाला शब्द सांगितलं. आकडा सांगत नाही, लांबचे बेत करू नका. ती मान हलवत राहिली, फॉर्म भरताना समोरचा माणूस जन्मतारीख सांगतो तेव्हा हलवायची तशी.

"पंपाची कंपनी विकली असती तं मले दुखलं असतं," ती म्हणाली. "पण मी विकली असती, दादा. तू मले विकूच नाई देल्ली."

तेव्हा मी रडलो. ती नाही.

सोमवारी तिने ती विकली. दोन वर्षांची चढण बरीचशी उतरून गेली होती. त्याबद्दल तिने पुन्हा अवाक्षर काढलं नाही, पण एक गोष्ट बदलली. मी काहीही सांगितलं, अगदी वीज कधी येणार किंवा बसला गर्दी होती असलं साधंसुद्धा, तरी ती क्षणभर माझ्या चेहऱ्याकडे पाहायची आणि मगच उत्तर द्यायची. तिला ते कळतही नसेल. मला मात्र प्रत्येक वेळी कळायचं. हे कितीतरी महिने चाललं.

फाइलबद्दल तिने एवढंच बजावलं की बाबांना सांगायचं नाही. मी म्हणालो, म्हणजे माझं जे चुकलं तेच तू करणार? बाबाचं वेगळं आहे, ती म्हणाली. कसं वेगळं ते तिने सांगितलं नाही आणि मला वाद घालायचा अधिकार उरला नव्हता.

त्या उन्हाळ्यात तिला गावी जायचं होतं. तलाव आटत आला की गावचे सगळे मिळून मोठं जाळं ओढतात, ते तिला पाहायचं होतं. लहानपणी ती त्यासाठी शाळा बुडवायची. मी जीप ठरवली. बाबांनी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मोहाच्या झाडाच्या सावलीत खुर्ची टाकून ठेवली होती. जीप उभी राहिली तिथपासून खुर्चीपर्यंत पन्नास पावलंही नसतील, पण ती चार वेळा थांबली, आणि बाबा तिच्यासोबत चार वेळा थांबले, इकडचंतिकडचं बोलत, जणू त्यांनाच थांबायचं होतं. जाळं ओढताना ती ओरडून लोकांना नावाने हाका मारत होती. दुपारी पोटभर जेवली. परत निघताना बाबांनी तिच्या तोंडावरून हात फिरवला. ते तसं कधी करत नसत.

त्यानंतर ती मला शिकवू लागली. आकडा वाईट असला की तो मोठ्याने वाचायचा, असा तिने नवा नियम घातला, आणि मी वाचायचो. चौदांतले कोणते काढायचे, नवे कसे घ्यायचे, हे सगळं तिने माझ्याकडून करून घेतलं. खात्याला वारस म्हणून माझं नाव लावलं, फॉर्म स्वतःच भरला. त्यात बहीण-भावाचं नातं निवडायचा रकाना शोधताना तिला मजा वाटत होती. दिवाळीनंतर केव्हातरी मला जाणवलं, ती आता माझ्या चेहऱ्याकडे न पाहता उत्तर देते आहे.

पौषात थंडी फार पडली. थंडीत हे रक्त जास्त अडकतं. आधी ताप आला, मग छातीत दुखायला लागलं. ब्रह्मपुरीहून तिला गडचिरोलीला हलवलं. तोंडाला ऑक्सिजनचा मास्क होता, त्यामुळे फार बोलता येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती पूर्ण जागी होती. रक्तातला ऑक्सिजन दाखवणारं मशीन तिच्या डोक्यामागे होतं, तिला ते दिसत नव्हतं. तिने मास्क थोडा उचलला.

"किती हाये?" तिने विचारलं. "खरं सांग."

मी मशीनकडे पाहिलं.

"एकोणऐंशी," मी म्हणालो.

तिने मास्क पुन्हा लावला आणि माझा हात धरला. थोड्या वेळाने आकडा आणखी उतरला. तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. साडेदहाच्या सुमाराला ती गेली. बाहेर बाकावर बाबा आणि माझी बायको बसले होते, त्यांना मी जाऊन सांगितलं.

ती गेली तेव्हा तिच्या खात्यात दोनच कंपन्या होत्या. मृत्यूचा दाखला घेऊन तिचं शेअरचं खातं होतं त्या चंद्रपूरच्या कार्यालयात मी गेलो. काउंटरवरच्या मुलीने मयताशी नातं काय, असं विचारलं आणि मी नुसता दाखला पुढे सरकवला. कुठे सही जुळत नव्हती, कुठे नावातली एक वेलांटी वेगळी होती. तीन-चार महिने गेले. तोवर खातं बंद. भिंतीवर मी दर शुक्रवारी टिंब देत होतो. दोघींपैकी एकीची रेघ होळीच्या आधीच लालच्या खाली गेली आणि खालीच राहिली. नियमाप्रमाणे विकायची होती आणि मला विकता येत नव्हती. बायको म्हणायची, कशाला काढता मग? तरी मी काढत होतो. खातं माझ्या नावावर झालं त्याच्या पहिल्या सोमवारी मी ती विकली. नंतर दुसरीही विकली, तिची रेघ चांगली होती तरी. नियम मला येतो, पण एकट्याने शुक्रवार काढणं मला जमलं नाही.

मग मी गावी गेलो. बाबा अंगणात फाटलेलं जाळं विणत बसले होते. मी त्यांच्यासमोर बसलो आणि चंद्रपूरचं सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाला ते, मी तिच्यापासून काय लपवलं ते, आणि तिने तुम्हाला सांगू दिलं नाही तेही. मला वाटलं होतं, ते चिडतील. मला ते हवंही होतं. त्यांनी विणणं थांबवलं नाही.

"मले मालूम होतं," ते म्हणाले.

कसं, मी विचारलं. ते म्हणाले, उन्हाळ्यात ती पाळीवर आली होती तेव्हा तिचे ओठ आणि नखं पाहिली. निळी होती. गावात कोणी नदीत बुडालं की काढायला आमच्याच लोकांना बोलावतात. बाबांनी आजवर कितीतरी जणांना काढलं आहे, कधी जिवंत, बहुतेकदा नाही. तो रंग त्यांना ओळखू येतो.

"मंग तुमी तिले बोलले काऊन नाई?"

बाबांनी दोरा दातांनी तोडला.

"मले मालूम नाई, असं तिले वाटे," ते म्हणाले. "तेवढंच ती माह्यासाठी करून राह्यली होती. करू देल्लं."

जाळ्याची पुढची गाठ मारत तेच पुन्हा म्हणाले की एक गोष्ट तिला विचारायची राहिली. फार दुखते का, एवढंच. पण ते विचारलं असतं तर बाकीचंही बोलावं लागलं असतं. तुला ती सांगायची का, असं त्यांनी मला विचारलं.

सांगायची, मी म्हणालो. मग तिला कुठे आणि कसं दुखायचं, कोणत्या दिवसांत जास्त, दुखताना ती काय करायची, काय खावंसं वाटायचं, हे जेवढं मला ठाऊक होतं तेवढं त्यांना सांगत बसलो. काही कमी केलं नाही. ते मध्येमध्ये एखादी गोष्ट पुन्हा विचारायचे. ऊन अंगणातून भिंतीवर चढेपर्यंत आम्ही तिथेच होतो, आणि जेवायला उठलो तेव्हा भात पार थंड झाला होता.